कोपऱ्यातलं अक्षर

सव्वीस वर्षं ताईंनी त्या ऑफिसात नकाशे काढले आणि शेवटी हातात पडलं काय, तर एक मेमो. त्यातही ‘अक्षम्य निष्काळजीपणा’ या दोन शब्दांखाली साहेबांनी स्वतःच्या पेनाने रेघ ओढली होती. पट्टीही न लावता. आयुष्यभर सरळ रेघा ओढणाऱ्या बाईला वाकड्या रेघेने निष्काळजी ठरवायचं, यालाही एक वेगळंच धाडस लागतं.

ऑफिसात त्यांना सगळेच ताई म्हणत, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला शिपाईसुद्धा. नोकरीला लागल्या तेव्हा शाईच्या पेनाने काम चाले आणि चुकलेली रेघ ब्लेडने खरवडून काढावी लागे. पुढे कॉम्प्युटर आले. बाकीचे कुरकुरत बसले आणि ताई तीन आठवड्यांत शिकून मोकळ्या झाल्या.

पण एक काम कॉम्प्युटर येऊनही सुटलं नाही, ते म्हणजे नावं घालणं. ड्रॉइंग पीडीएफमध्ये काढायला गेलं की दर शीटला तो विचारायचा, फाइलचं नाव काय? स्वतःहून काहीतरी भलतंच सुचवायचा, ते पुसून आपण ऑफिसच्या पद्धतीचं टाइप करायचं: कामाचा नंबर, मजला, विषय, शीटचा नंबर आणि शेवटी एक अक्षर. पहिल्यांदा काढलेलं ड्रॉइंग ए, त्यात बदल झाला की बी, पुन्हा झाला की सी. गंमत अशी, की हे सगळं शीटच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत आधीच लिहिलेलं असे, बारीक, मुंगीएवढ्या अक्षरांत. तेच वाचायचं आणि तेच पुन्हा हाताने लिहायचं. हॉस्पिटलच्या कामाला शीट होत्या एकशे शहाऐंशी.

“रोज एवढ्या लेकरांची नावं ठेवतेस,” सासूबाई म्हणत, “आणि एकही कधी घरी येऊन आजी म्हणत नाही!”

कोपऱ्यातलं वाचून कॉम्प्युटर आपणहून नाव देऊ शकतो, हे ताईंनी साहेबांना दोनदा सांगून पाहिलं होतं. साहेब हसले. “ताई, हाताने नाव घातलं की माणसाचं लक्ष राहतं. आपल्याला जादू नको, जबाबदारी हवी.” ताईंनी मान डोलावली. ही मान डोलावायची सवय फार वाईट. सव्वीस वर्षांत तिचं दुखणंच होऊन बसलं होतं.

मग तो उतार झाला. हॉस्पिटलच्या मागच्या दाराचा, व्हीलचेअर आणि स्ट्रेचर चढवायचा. बीमध्ये तो फार खडा होता. हॉस्पिटलवाल्यांनी हरकत घेतली, लांब आणि सोपा उतार मागितला. तो हिशेब इंजिनियरकडून यायचा होता, पण ड्रॉइंगचा अख्खा संच साइटवर पाठवायची तारीख येऊन ठेपली, म्हणून ताईंनी सगळ्या शीटची पीडीएफ काढून साहेबांच्या फोल्डरमध्ये टाकली आणि साहेबांनी ती साइटवर पाठवली. दहा दिवसांनी हिशेब आला. ताईंनी नवा उतार काढला, कोपऱ्यात सी लिहिलं, तोही गेला. साइटच्या सुपरवायझरने नाव पाहिलं आणि म्हणाला, सी तर आपल्याकडे आलेलंच आहे. नवी शीट त्याने न उघडताच गठ्ठ्याखाली सरकवली आणि जुनाच खडा उतार काँक्रीटमध्ये ओतून घेतला. कारण पहिल्या संचातल्या त्या शीटच्या नावात सी होतं आणि पोटात बी.

उतार वापरात आला आणि पहिल्याच आठवड्यात एक व्हीलचेअर मागे घरंगळली. ती धरायला गेलेल्या परिचारकाचं मनगट मोडलं.

खापर फुटायला डोकं लागतं, ते ताईंचं सापडलं. नावं कोण घालतं? ताई. आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर घरी बसा. आणि ताईंनाही ते खरंच वाटलं, हे जास्त संताप आणणारं. एकशे शहाऐंशी नावं, चौथा तास, डोळे शिणलेले, बोट बीऐवजी सीवर पडलं असेल. त्या माणसाचं मनगट त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. स्वतःची फाइल उघडून बघावी, एवढंही त्यांना सुचलं नाही.

“खुलाशात काय लिहिणार?” यजमानांनी विचारलं.

“चुकलं, असं लिहिणार. दुसरं काय?”

“मग लॅपटॉप घेऊन काय बसली आहेस?”

“मी गेल्यावर माझ्या खुर्चीत कोणीतरी बसेलच ना. तिच्या नशिबी तरी हे नको.”

तीन संध्याकाळी आणि एक अख्खा रविवार ताई जेवणाच्या टेबलावर बसल्या. सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या आणि मधूनच “जमलं का गं?” म्हणून विचारत होत्या. दुपारी चारला जमलं. छोटासा प्रोग्राम होता. शीट उघडायची, चौकटीतला नंबर आणि अक्षर वाचायचं, त्याच नावाने पीडीएफ काढायची. मधे माणसाचा हातच नाही.

सोमवारी ऑफिसात त्यांनी तो त्याच संचावर चालवून पाहिला. त्या दिवशीची ड्रॉइंग जशीच्या तशी जपून ठेवलेली होती. एका बाजूला प्रोग्रामने दिलेली नावं, दुसऱ्या बाजूला साइटवर गेलेली, आणि जिथे जुळणार नाही तिथे लाल रेघ. ताईंना एक रेघ अपेक्षित होती.

एकोणीस आल्या.

एकोणीसही ठिकाणी फक्त अक्षर वेगळं. आणि एकोणीसही ठिकाणी ते एकाने वाढलेलं. थकलेलं बोट एवढं शिस्तीत चुकत नाही. ताईंनी तेव्हा कुठे आपल्या कॉम्प्युटरवरची मूळ प्रत उघडली. उतार, बी. जिना, बी. सगळी नावं त्यांनी घातली होती तशीच, बरोबर. अक्षरं वाढली होती ती साहेबांच्या फोल्डरमध्ये, ताई घरी गेल्यावर.

तळपायाची आग मस्तकात म्हणतात, ती ताईंना त्या दिवशी कळली. सरळ केबिनमध्ये गेल्या. दारावर टकटकसुद्धा केली नाही.

साहेबांनी यादी पाहिली, चष्मा काढला, पुसला. “अहो ताई, तारीख पाळायची होती. बदल केलेत असं हॉस्पिटलला पत्र दिलं होतं. अक्षर वाढवून पाठवलं, खऱ्या शीट मागाहून जाणारच होत्या. सगळीकडे असंच चालतं.”

“आणि मेमो?”

“हॉस्पिटलला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. कोणाच्या तरी नावावर टाकावं लागतं. ते राहू द्या, मेमो मी ड्रॉवरमध्ये ठेवतो. विषय संपला.” मग आवाज मऊ करून म्हणाले, “तुमचा हा प्रोग्राम मात्र छान आहे हं. उद्यापासून वापरू. फक्त अक्षरासाठी एक छोटा रकाना ठेवा, म्हणजे गरज पडली तर मला हाताने घालता येईल.”

म्हणजे जबाबदारी हवी होती ती ही! इतकी वर्षं हाताने नावं घालायला लावली ती लक्ष राहावं म्हणून नव्हे, तर मागून हात घालता यावा म्हणून.

“ठेवते,” ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रकाना तयार होता. साहेबांनी ऐटीत एक शीट निवडली, रकान्यात सी टाइप केलं, बटण दाबलं. फाइल आली. सगळं ठीक होतं, फक्त नावाच्या शेवटी चार शब्द जास्त होते: कोपऱ्यात बी, बदल साहेब.

“हे काय?”

“तुम्ही ज्या नावाने कॉम्प्युटर उघडता, ते आपोआप येतं.”

“ताई, हे काढून टाका.”

“नाही काढणार.” सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ताईंची मान आडवी हलली. “आणि मेमोचा खुलासा सकाळीच दिलाय. दोन्ही याद्या शेजारी शेजारी लावून. एक प्रत साइटला, एक हॉस्पिटलला.”

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ताईंना घरी बसवायची भाषा पुन्हा निघाली नाही, कारण आता हॉस्पिटलवाले कुठलाही संच ताईंच्या सहीशिवाय घेत नव्हते. मेमो रद्द केल्याचं कोणी लेखी दिलं नाही आणि त्याचा राग ताईंना आजही आहे. आजही तो विषय निघाला की त्या भाजी चिरायची थांबतात आणि सुरी खाली ठेवतात.

खडा उतार फोडला त्या दिवशी ताई साइटवर गेल्या. तो परिचारक बाजूला उभा होता, हात प्लास्टरमध्ये. कोणीतरी त्याला सांगितलं होतं, ही ड्रॉइंगवाली बाई. तो जवळ आला.

“हा जो उतार मला नडला, तो तुम्ही काढला होता का हो?”

“बी मी काढला होता,” ताई म्हणाल्या. “हा नवा सीसुद्धा मीच काढलाय. तुम्हाला पाडलं त्या सीला कोणी पेन्सिलही लावली नव्हती. नुसतं नाव घातलं होतं.”