चिकाले तीन जणी

"चिकाले तीन जणी लागतात वं," असं जिजाबाई जन्मभर म्हणत राहिली. बोलणं कुरडयांचं असो की लेकीच्या लग्नाचं, वाक्य तेच.

ती आमच्या रामटेककडची लेक. शहरातल्या नंदनवन वस्तीत सासरी आली, आणि चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात शेजारच्या दोघींना घेऊन तिनं कुरडयांचा धंदा मांडला. गहू भिजवायचा, वाटायचा, त्याचा पांढरा चीक अंगणातल्या चुलीवर शिजवायचा. शामला चीक ओतायची, जिजाबाई लाकडी दांड्यानं घोटायची, आणि मनकर्णा फडक्यानं पितळी गंज, म्हणजे चिकाचं मोठं पातेलं, धरून बसायची. घोटताना गंज कलला की ती अंगाचा भार उलट बाजूला टाकी. न बोलता तिघींचं काम एका लयीत चाले.

पहिलं मोठं काम एका लग्नघराचं आलं. त्याच महिन्यात मनकर्णा तापानं पडली आणि तिच्या उजव्या हातातलं बळ गेलं. उठली तशी ती पुन्हा यायला लागली. डाव्या हातानं गंज धरी.

"नुसता गंज धरायचा का वाटा असते?" एका सकाळी शामला म्हणाली. "चार विटा लावू. विटेले ना चहा लागत, ना वाटा!"

जिजाबाई हसली. मनकर्णा तेव्हा फाटकातच उभी होती. तिनं हातातलं फडकं तारेवर टाकलं.

"लावा वं विटा," एवढंच म्हणाली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी विटा लावल्या. चीक दाटत आला, दांडा जड झाला आणि गंज एका अंगाला कलला. विटा जागच्या हलल्या नाहीत. लग्नघराचा सगळा चीक चुलीत गेला. विस्तव विझला.

"दुसरा गहू भिजवू," शामला हळूच म्हणाली. "अजून दिवस हायेत."

"गव्हाचं काय घेऊन बसली? मी हसली ना वं तिच्यावर."

"मंग आता?"

"आता मनकर्णा नाही म्हणाली, तर हा धंदा इथंच संपला. विटा घेऊन मले नाही करायचा."

तारेवरचं फडकं तिनं घडी करून हातात घेतलं आणि मनकर्णाच्या घराची वाट धरली. अनवाणी, मनगटावर चीक वाळलेला. शामला फाटकाशी आली. जिजाबाई वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली, हातात चिकानं माखलेली एक वीट घेऊन.