आंब्यावरचं बांडगूळ

हिरामण शिडीला टेकून उभा होता आणि वर चढायला तयार नव्हता. पर्सोनेल ऑफिसर घड्याळ बघत होते. मला बोलावून आणलं होतं, कारण वर्क ऑर्डरवर सही माझी होती: ‘आवारातील आंब्यांवरील सर्व बांडगूळ काढणे.’

नव्वदच्या दशकात मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत हॉर्टिकल्चर ऑफिसर होतो. केमिकल कंपनीला असा माणूस मुख्यतः पाहुणे येणार असले की आठवतो. त्या फेब्रुवारीत परदेशी डायरेक्टर येणार होते. कुंड्यांना गेरू लागला, दगडांना चुना. जनरल मॅनेजरांना झाडंही दाढी केल्यासारखी हवी होती.

हिरामण तळवलीचा, आमचा टेम्पररी माळी. त्याच महिन्यात त्याचा पर्मनंटचा कागद टेबलावर होता. काम नाकारल्याचा मेमो निघाला की कागद परत खाली जाणार, हे त्याला ठाऊक होतं.

“सायेब, दोन झारांवरचं काढलं मी. पन ह्यो बांडगूल नाय. निसता बसलाय, खात नाय.”

“हा कुठला बॉटनीचा प्रोफेसर लागून गेला?” पर्सोनेल ऑफिसर म्हणाले.

हिरामणने काढून टाकलेल्या ढिगापाशी मी गेलो. बांडगूळ फांदीच्या लाकडात मूळ घुसवतं आणि झाडाचा रस पितं. तिथं गाठ येते. ढिगात एकही गाठ नव्हती. पट्ट्यांसारखी जाड पानं होती आणि सालीला नुसती चिकटून राहणारी जाड, रुपेरी मुळं. एक मूळ बादलीत बुडवलं. ते हिरवं झालं. या मुळांवर स्पंजसारखा थर असतो, पावसाचं पाणी आणि दव तो धरून ठेवतो. ही सीतेची वेणी होती, आपल्याकडचं ऑर्किड. कॉलेजात मी तिची आकृती काढून मार्क मिळवले होते. इथे मात्र खालून हिरवा झुबका दिसला आणि सगळे म्हणतात तेच लिहून मोकळा झालो.

रिसेप्शनमध्ये पाहुण्यांसाठी थायलंडची ऑर्किडं मागवून ठेवली होती.

हिरामणने सांगितलं की त्याच्या गावच्या बाया ही फुलं केसात माळतात आणि संधिवातावर पाला बांधतात. गुण येतो का, हे मला सांगता येणार नाही. बाया मात्र छान दिसत असणार.

पर्सोनेल ऑफिसरांनी मला बाजूला घेतलं. दोन झाडांवरची ऑर्किडं तोडली गेली, हे आता लपणार नव्हतं. माळ्याने न समजता तोडलं असं लिहा, म्हणाले. “टेम्पररी माणूस आहे हो. काय फरक पडतो?”

फरक त्यालाच पडणार होता. मी रात्रभर विचार वगैरे केला नाही, पण चहा गार होईपर्यंत केला. मग लिहिलं: वर्क ऑर्डर चुकीची होती. माळ्याने काम थांबवलं, ते बरोबर केलं.

जनरल मॅनेजरांनी कागद दोनदा वाचला. “इतकं सरळ लिहायची गरज होती?” मग त्यांना ते ऑर्किड पितळी कुंडीत, शेणखत घालून, टेबलाशेजारी हवं झालं. मी सांगितलं, मातीत मुळं कुजतील. तिला खरबरीत साल, खेळती हवा आणि पानांतून गाळून आलेलं ऊन लागतं. टेबल लागत नाही.

हिरामणने आणि मी काथ्याने झुबके परत आंब्यांवर बांधले. रोज सकाळी पाणी शिंपडलं. बरेचसे वाळले. काहींनी पावसाळ्यात साल धरली, आणि दुसऱ्या वर्षी मे महिन्यात एका फांदीवरून गुलाबी-पांढरा घोस लोंबला. डायरेक्टर केव्हाच येऊन, गाडीच्या काचेतून चुना बघून गेले होते.

माझ्या कॉन्फिडेन्शियल रिपोर्टमध्ये ‘निरीक्षण कमी’ असा शेरा पडला. त्या रिपोर्टमधलं तेवढंच वाक्य मला खरं वाटलं. पदवी असली की माणूस बघण्याऐवजी ओळखायला लागतो.

हिरामण पर्मनंट झाला. पत्रात त्याचा हुद्दा होता ‘माळी (अकुशल)’. तो शब्द बदला म्हणून मी गेलो, तर कळलं की छापील फॉर्मवर माळ्यासाठी दुसरा शब्दच नाही.