कानात नको सांगू

वडशाला मी नाटक मंडळ्यांच्या संहिता टाइप करतो. जुन्या फॉन्टमधल्या संहिता नटांना मोबाइलवर वाचता येतील अशा करून देणारा एक फुकट प्रोग्राम आहे. तो लिहिलाय आमच्या गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने, आणि त्याचा कोड कोणीही उघडून पाहावा असा नेटवर ठेवलाय.

मी बिघाड सांगायला गेलो की तो हातातला पेचकस खाली ठेवत नाही. "मले कानात नको सांगू भाऊ. तिथी सगळ्यायसमोर लिही." मग मी प्रोग्रामच्या नेटवरच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं लिहितो. संध्याकाळपर्यंत खाली त्याचं उत्तर असतं: चूक माझी होती, दुरुस्त केली.

एकदा मी वैतागलो. "चारचौघात चूक कबूल करायची एवढी हौस काऊन तुले?"

"उद्या मी नसलो तं दुसऱ्याले सांभाळा लागते. मी कुठी कुठी चुकलो, हे त्याले दिसलं पाह्यजे."

गेल्या महिन्यात त्याने प्रोग्राम सिरोंचाच्या एका बाईंकडे सोपवला. मी दहा पावलांवर बसतो, मला विचारलंही नाही. त्या बाईंना तो कधी भेटलेला नाही. त्या पानावर त्याच्या सगळ्यात जास्त चुका मात्र त्यांनीच काढल्या आहेत.