सीमांग समारला गेली

काखेत फाइल मारून कुणी आमच्या बोळात शिरला, की आधी माझ्या दुकानाशी थांबतो. थांबावंच लागतं. नावोतासच्या बंदरामागे घरांना नंबर नाहीत, बोळाचं तोंड एवढंसं, आणि त्या तोंडावर जाळीच्या आड मी बसलेली, शाम्पूच्या पुड्या आणि सुट्या सिगारेटी घेऊन. "अमका कुठे राहतो हो?" मी डोकं खाजवते, आठवल्यासारखं करते आणि सांगते, "नाव ऐकलं नाही बाबा." तीस वर्षं हेच करत आले. घर पाडायची नोटीस ज्याच्या त्याच्या हातात द्यावी लागते, वर त्याची सही घ्यावी लागते. माणूसच सापडला नाही तर घर पाडणार कसं? आपला बोळ उभा आहे तो माझ्या थापांवर, असं मी छाती फुगवून सांगायचे. आता सांगत नाही.

सीमांगबद्दल सांगायचं तर स्वतःचं तोंड काळं करूनच सांगावं लागेल. तर तसं.

कागदावर ती माक्सिमा आब्रेनिका. बोळात सीमांग, आणि पोरासोरांची आलिंग सीमांग, म्हणजे सीमांगमावशी. माझ्यापासून चौथं दार तिचं. पहाटे बंदरावरून मासे आणायचे, मिठाच्या पाण्यातून काढायचे, लाकडाच्या भुशाच्या धुरावर धरायचे आणि सोनेरी झाले की टोपलीत रचून विकायला निघायचं. नवरा लवकर गेला. मुलगा एकच, रेनांते, मासेमारीच्या बोटीवर होता. अकरा वर्षांपूर्वी ती बोट वादळात बुडाली, सगळी माणसं गेली, एकाचंही प्रेत हाती लागलं नाही. सीमांगने त्याचा फोटो टेबलावर ठेवून नऊ दिवस प्रार्थना केली. नंतर मला म्हणाली, "चोलेंग, याच्या नावाचा दगड तरी कुठेतरी हवा गं. मी मेल्यावर असा एक पोरगा होता हे कोण सांगणार?"

पुढच्या वर्षी डोळ्यांचं सुरू झालं. धुराने ते लालच असायचे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. रोज थेंब घाला, जन्मभर घाला, आहे तेवढी नजर टिकेल, गेलेली मात्र परत येणार नाही. ती बाटली महाग. ही बाई एक दिवस उजव्या डोळ्यात घालायची, एक दिवस डाव्या, की बाटली जास्त पुरावी. मी भडकायचे. "औषध घालतेस की चर्चमधलं पाणी शिंपडतेस?"

"तुझं तोंड बघायला एक डोळा पुष्कळ झाला," ती म्हणायची.

तेव्हाच तो माणूस आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, काखेत निळी फाइल.

"माक्सिमा आब्रेनिका इथे राहतात का?"

"काय काम आहे?"

"ते त्यांच्याशीच बोलायचंय. कागद त्यांच्याच हाती द्यायचाय."

झालं. त्यांच्याच हाती द्यायचा कागद म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी मोठा उसासा टाकला. "ती गेली हो गावाला. समारला, बहिणीकडे. पोरगा गेल्यापासून मनच उडालं तिचं. आता नाही यायची परत." इतकं झकास जमलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. त्याने सगळं लिहून घेतलं. मी त्याला थंडगार सरबतही पाजलं, फुकट.

संध्याकाळी मी सीमांगला सगळं रंगवून सांगितलं. ती पोट धरून हसली. "बरी पाठवलीस मला समारला, भाडं न देता." मग घरी गेली आणि केळीच्या पानावर तीन मोठे मासे घेऊन आली. म्हणाली, तू आहेस म्हणून घर आहे. ते तिन्ही मासे मी लसणाच्या भाताबरोबर चाटूनपुसून खाल्ले.

महिन्याभराने तो पुन्हा आला. मी तेच सांगितलं, वर बहिणीचं आजारपण जोडून दिलं. या वेळचं सीमांगला सांगायचंही मला सुचलं नाही.

पुढे तिचे थेंब कमी होत गेले आणि एक दिवस बंदच झाले. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं. मासे बोटांनी चाचपून रचायची, धुराचा अंदाज नाकाने घ्यायची. विजेचं बिल असो, बहिणीचं पत्र असो, वाचायचं ते मी. दुसरं कुणी कागद हातात घेतला तर म्हणायची, "ठेव तो. चोलेंगने वाचलं म्हणजे मी वाचलं." तशी लिहिण्यावाचण्याशी तिची दोस्ती कधीच नव्हती. उभ्या जन्मात दोनच नावं लिहायला शिकली होती, स्वतःचं आणि पोराचं.

गेल्या मार्चमध्ये दुकानाच्या परवान्यासाठी मी वॉर्डाच्या कचेरीत गेले. बाहेरच्या फळ्यावर एक यादी लावली होती. बुडालेल्या बोटीच्या मालकाने मेलेल्यांच्या घरच्यांसाठी कोर्टात भरपाई भरलेली. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही त्यांचे पैसे कामगार कचेरीत पडून होते, आणि महिनाअखेरीस ते सरकारजमा होणार होते. पहिलंच नाव आब्रेनिका, माक्सिमा. पुढे शेरा: पत्ता लागत नाही, दोनदा भेट दिली.

मी तिथल्या बाकावर बसले. खोटं कशाला बोलू, आता पुरे झालं ते. पहिला विचार तिच्या डोळ्यांचा आला नाही. बोळात हे कळलं तर मी जाळीआड कुठल्या तोंडाने बसू, हा आला. तीन दिवस मी गप्प राहिले. तीन दिवस ती माझ्या बाकावर येऊन बसत होती आणि मी तिला कॉफी देत होते.

चौथ्या दिवशी सांगितलं, पण अर्धंच. म्हटलं, रेनांतेचे पैसे आलेत, कचेरीने घोळ घातला.

कामगार कचेरीला जाताना जीपनीत, त्या भाड्याच्या लांबड्या जीपमध्ये, ती माझं कोपर धरून बसली होती. "पण घोळ कसला?"

"तू इथे राहत नाहीस, असं कुणीतरी सांगितलं म्हणे त्यांना."

"कोण ती भवानी? तिच्या जिभेला फोड येवोत. तिला खोकला यावा आणि पाणी मिळू नये." समोरच्या बायका हसायला लागल्या, तसा तिला आणखी चेव आला. उतरेपर्यंत ती त्या भवानीचा उद्धार करत होती. मी बाहेर बघत होते.

कचेरीत टेबलामागे एक तरुण पोरगी होती. तिने फाइल काढली आणि मोठ्याने वाचायला लागली. "सदर बाई समार येथे बहिणीकडे गेल्या..." समार हा शब्द आला मात्र, माझ्या कोपरावरचा सीमांगचा हात निघाला. "...परत येणार नाहीत, असे बोळाच्या तोंडाशी दुकान असलेल्या बाईंनी सांगितले. दुसऱ्या भेटीतही तेच सांगितले." पोरीने वर बघितलं. "आई, त्या दुकानवाल्या बाई हयात आहेत का? त्यांनी जबाब बदलून दिला तर काम आजच होईल."

 

"मीच ती," मी म्हणाले.

"बरं. मग गैरसमजातून सांगितलं असं लिहिते."

"गैरसमज नको लिहूस, बाळ. खोटं सांगितलं म्हणून लिही." मी सही केली.

परत येताना ती जीपनीत माझ्या शेजारीच बसली, पण दांडी धरून. तशीच म्हणाली, "दोनदा आला होता तो?"

"हो."

"दुसऱ्यांदा तरी मला विचारायचं होतंस."



पैसे मिळाले. आम्ही डॉक्टरकडे गेलो. त्यांनी दोन्ही डोळ्यांत उजेड टाकून बघितलं आणि म्हणाले, आता थेंबांचा उपयोग नाही. तेव्हा रोज घातले असते तर हिंडण्याफिरण्यापुरतं तरी राहिलं असतं. सीमांगने त्यांचे आभार मानले. तिने बोळात कुणालाही काही सांगितलं नाही. जे कळलं ते मीच सांगितलं, एकेकाला जाळीपाशी बोलावून.

दगड मात्र झाला. दफनभूमीच्या भिंतीत, पांढरा, वर काळी अक्षरं. वाट उंचसखल, म्हणून मी तिला धरून नेलं. दगडाशी पोचलो तेव्हा मी म्हणाले, "छान कोरलंय गं. थांब, वाचून दाखवते."

"राहू दे," सीमांग म्हणाली.

तिने भिंत चाचपली, पहिलं अक्षर शोधलं आणि त्याच्यावरून बोट फिरवलं. मग दुसरं, मग तिसरं. शेवटचं झालं, तशी पुन्हा पहिल्यावर आली आणि सगळं नाव परत एकदा तपासून घेतलं. मी तिची छत्री धरून मागे उभी होते.