आग लागो या मल्टिकास्टला!

हसणार न्हाई असं आधी कबूल करा, मंगच सांगतो. अन् चहाचा कप खाली ठेवा. ठसका लागला तर माझ्याच अंगावर यायचा!

तवा मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळत होतो. वाटूरहून येऊन कोर्स केल्ता, अन् कंपनीत कॉम्प्युटरमधलं कळणारा मी एकटाच. म्हणजे काय, वासरांत लंगडी गाय शहाणी!

आमच्या साहेबांनी एक नवा प्रोग्राम आणला. एकानं टाइप करायचं, अन् गटातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर ते एकदमच झळकायचं. मल्टिकास्ट म्हणतात त्याला. गावात दवंडी देतात ना, बिलकुल तसंच, फक्त हलगी न्हाई.

त्या दिवशी हैदराबादचे व्यापारी आल्ते. साहेब म्हणाले, "जेवणं झाली की यांना दाखवायचं. जल्दी चालू करा. माझ्या इज्जतीचा सवाल हाय."

मी ऑफिसातून टाइप केलं, 'हॅलो'. तवा मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांतच लिहायचो. बटण दाबलं अन् स्क्रीनकडं बघत बसलो. काहीच न्हाई! परत 'हॅलो'. न्हाई! केबल काढली, फुंकली, परत लावली. न्हाई म्हणजे न्हाईच.

गेटवरच्या वजनकाट्याला फोन लावला. तिथं बापूराव होते, वयानं माझ्या वडलांएवढे.

"बापूराव, आला का?"

"आला ना सायब. आत्ताच आला."

"काय आलं?"

"आष्टीचा टेम्पो."

"टेम्पो न्हाई हो! मेसेज, मेसेज! स्क्रीनवर काय दिसतंय?"

"स्क्रीन तर काळी हाय."

"अहो, मंग चालू करा ना!"

"थांबा, करतो," म्हणाले अन् फोन ठेवला.

आता सांगा, माणसाचं डोकं फिरंल का न्हाई? वर मे महिन्याचं ऊन, पंखा गरम हवा फेकून राह्यला, तिकडं साहेबांची जेवणं उरकत आलेली. मी संतापून टाइप केलं, 'आग लागो या प्रोग्रामला!' अन् बटण असं हाणलं की कीबोर्डच उडाला.

माझ्या स्क्रीनवर तरीबी काहीच न्हाई.

जरा वेळानं भोंगा वाजला. आमच्या कंपनीचा भोंगा असा अवेळी कधी वाजत न्हाई. दार उघडून बघतो तर माणसं धावून राह्यली. कोणाच्या हातात वाळूची बादली, कोणाच्या हातात पाण्याची घागर.

"काय झालं हो?"

"आग! आग लागली!"

"कुठं?"

"आतमधी म्हणं कुठंतरी!"

गोडाऊनमधी पेरणीचं बियाणं छतापर्यंत रचलेलं! पण एक सांगतो, अशा टायमालाबी मी कर्तव्य विसरलो न्हाई. धावत आत गेलो अन् टाइप केलं, 'आग लागली. सगळे बाहेर पळा.' मंगच पळालो. पळताना कॉम्प्युटर वाचवावा म्हणून हाताला लागलं ते उचललं. बाहेर येऊन बघतो तर माऊसचं पॅड!

मागून साहेब आले, उष्ट्या हातानं. त्यांच्या मागं हैदराबादचे व्यापारी. एकाच्या पायात चप्पल न्हाई, तापल्या जमिनीवर नाचून राह्यला बिचारा.

समदे उन्हात उभे. धूर कुठंच न्हाई.

साहेबांनी विचारलं, "आग बघितली कोणी?"

मंग बापूराव पुढं आले. "सायब, मी काट्याची बारकी स्क्रीन चालू केली, तर तिच्यावरच्या डब्यात लिहून आल्तं, 'आग लागो'. पुढची अक्षरं त्या डब्यात मावली न्हाईत. मला वाटलं, घाईत 'लागली'चं 'लागो' झालं. मी भोंगा वाजवला."

"बराबर," साहेब म्हणाले. "जेवणाच्या नादात मधलं बघितलं न्हाई, भोंग्यानंतर माझ्या केबिनमधीबी आलं, 'सगळे बाहेर पळा'. पण हे पाठवलं कोणी?"

मला वाटलं, शाबासकी मिळून राह्यली. छाती पुढं काढून म्हणलं, "मीच साहेब! भोंगा ऐकला अन् लगेच..."

अन् तिथंच मला माझं 'आग लागो' आठवलं.

नंतर कळलं, त्या प्रोग्राममधी एक सेटिंग होतं. आपण पाठवलेलं आपल्याला सोडून सगळ्यांना दिसायचं. बाकी तो सकाळपासून बराबर चालू होता. माझे सगळे 'हॅलो' साहेबांनी जेवता जेवता त्या व्यापाऱ्यांना कौतुकानं दाखवले होते!

तेवढ्यात घंटा वाजवत बंब आला. जवानानं पाइप खांद्यावर घेतला. "आग कुठाय?"

समद्यांनी माझ्याकडं बघितलं.

"लांबून पाणी भरून आणलंय," जवान वैतागला. "कशावर मारू?"

साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "यांच्यावर मारा."

समदे खदाखदा हसले. पण काय ऊन होतं राव! मी गुपचूप घड्याळ काढलं, बापूरावांच्या हातात दिलं, अन् पाइपासमोर जाऊन उभा राह्यलो.