बशीरभाईच्या पुस्तकातला घनश्याम

राळेगावच्या बसस्टँडमागे बशीरचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि त्या दुकानाची खोड अख्ख्या तालुक्याला ठाऊक होती. गिऱ्हाइकानं पंप आणला की बशीर आधी तो पुरता उघडायचा. वायसर एकीकडे, नोझल दुसरीकडे, दांडा भिंतीला. मग हात पुसून गल्ल्याखालून लांबडी वही काढायचा आणि म्हणायचा, "बसा. तुमच्यावर लिवलं हाय. आयका."

माणूस पळणार कुठं? पंप सुटा करून ठेवलेला, शेतात कपाशीवर मावा चढलेला. बसावंच लागायचं.

ही पद्धत बशीरला पूनमसिंगानं शिकवली. बशीरचा पहिला लेख पूनमसिंगाच्या बैलावर होता आणि तो यवतमाळच्या एका दिवाळी अंकात छापून आला. पूनमसिंग तीन दिवस दुकानासमोर येऊन बसला. "माहा बैल काना होता असं तू कसं लिवलं? एका डोयात फूल पडलं होतं फकस्त. आता त्याले बाजारात कोन घेईन?" बैल विकायचा नव्हता, पण मुद्दा इज्जतीचा होता. तेव्हापासून बशीरनं नेम केला. ज्याच्यावर लिहिलं त्याला आधी ऐकवायचं, त्याची हरकत ऐकायची, आणि दोघांचं जमलं की मगच पक्कं करायचं. त्यामुळे त्याच्या निम्म्या लेखांत तंटामुक्ती समितीत झाल्यासारखी तडजोड असायची. पण लेख भारी असायचे. माणसं हसत जायची आणि पंपही दुरुस्त व्हायचा.

पुस्तक काढायचं वेड डोक्यात घातलं ते वाचनालयाच्या देवीलालनं. देवीलाल ग्रंथपाल. स्वतः त्यानं एक ओळ कधी लिहिली नव्हती, म्हणून लिहिण्याबद्दलचे सगळे नियम त्याला पाठ होते. "कागदाच्या एकाच बाजूनं लिव. डाव्या हाताले समास सोड. अन् मूळ प्रत कोनाले देऊ नको, सख्ख्या भावाले बी नाई." हा शेवटचा नियम सांगायला त्याला जरा उशीर झाला. बशीरनं त्याच्या आधीच, मोठ्या हौसेनं, लेख लिहिलेली वहीच नागपूरच्या एका मासिकाला रजिस्टर पोस्टानं धाडली होती. वही गेली, उत्तर आलं नाही. सात लेख पुन्हा आठवून लिहावे लागले. त्यासाठी तो परत त्या-त्या माणसांकडे गेला, तर तोवर लोकांनी आपापल्या गोष्टी सुधारून ठेवलेल्या. एकाच्या गोष्टीत साप आला होता, पहिल्या खेपेला तो नव्हता.

होता होता अकरा लेख झाले. देवीलालनं पत्ता दिला, बशीरनं झेरॉक्स काढली, आणि पुण्याच्या एका प्रकाशनाला पाकीट गेलं. चार महिन्यांनी बशीरच्या मोबाईलवर फोन आला. संपादकबाई होत्या.

"तुमचे लेख फार छान आहेत हो. मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवले. आम्हाला पुस्तक करायचंय."

बशीरच्या हातातला पाना खाली पडला.

"फक्त एक अडचण आहे," बाई म्हणाल्या. "यवतमाळचं पुस्तक, आणि त्यात एकही आत्महत्या नाही. वाचक विचारेल ना? तुम्ही त्यावर एक लेख लिहा. शेवटी घालू. तो आला की करारपत्र पाठवते."

सन दोन हजार सहा होतं. त्या दिवसांत जिल्ह्यात गाड्याच गाड्या फिरायच्या. मुंबईच्या, दिल्लीच्या, एकदा तर गोऱ्या लोकांची. पंपाचं दुकान दिसलं की काच खाली व्हायची. "इथं जवळपास कुठं आत्महत्या झाली आहे का?" पेट्रोलपंप विचारावा तसं विचारायचे. बशीर त्यांना तहसील ऑफिसचा रस्ता दाखवायचा आणि तोंड फिरवून वायसर कापायला लागायचा. आणि आता खुद्द त्यालाच तेच विचारलं गेलं होतं.

घरी त्यानं बायकोला, गौहरला, सांगितलं. गौहर भाकऱ्या थापत होती. "उनको क्या मय्यत देखे बगैर किताब छापना नहीं आता?" तिनं विचारलं.

"अगं, पुण्याची कंपनी हाय. पुस्तक साऱ्या महाराष्ट्रात जाते."

"तो लिखो. मैं कौन रोकनेवाली."

गौहर असं बोलली म्हणजे तिनं रोखलेलं असायचं. पण बशीर चाळीस पार करून गेला होता. पंपाचं वायसर दर हंगामाला बदलतं, तशी संधी दर हंगामाला येत नाही, एवढं त्याला कळत होतं. तो लिहायला बसला.

घनश्यामवर लिहिलं. घनश्याम त्याचं जुनं गिऱ्हाईक, शाळेत दोन वर्गांनी पुढे असलेला. दोन वर्षांपूर्वी तो गेला, आणि कसा गेला ते सगळ्यांना ठाऊक होतं. लेख चार दिवसांत झाला. त्यात शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, मुका बसलेला माणूस होता, कोरडं आभाळ होतं, त्याच्या डोळ्यांत आटलेली विहीर होती. लिहिताना बशीरचेही डोळे भरले, आणि लेखकाचे डोळे भरले की लेख चांगला झाला असं त्याला वाटलं. देवीलालनं वाचला आणि चष्मा काढून पुसला. "हे साहित्य झालं, बशीर. बाकीच्या अकरा तं गप्पा होत्या."

राहिला नेम. ऐकवायचं कुणाला? घनश्याम तर नव्हता.

"मंग सरळ पाठवून दे," देवीलाल म्हणाला.

पटत होतं. घनश्यामच्या बायकोला, तानाबाईला, वाचता येत नव्हतं. पुण्याचं पुस्तक राळेगावात येऊन येऊन किती येणार? चार, तेही देवीलालच्या कुलुपाच्या कपाटात. पण तिसऱ्या दिवशी तानाबाई आपणहून दुकानात आली. पाठीवर पंप. शेत आता तीच करत होती.

"पानी मारलं का वरूनच गळते," ती म्हणाली. "पाठ ओली होऊन राह्यली माही."

बशीरनं पंप उघडला. सवयीनं सगळे भाग वेगळे मांडले. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आता आपला हात सवयीनंच गल्ल्याखाली गेलाय.

"माह्यावर लिवलं का?" तानाबाईनं विचारलं. तिलाही खोड ठाऊक होती.

"घनश्यामभाऊवर."

तानाबाईनं पदर नीट केला. तिथंच उपड्या डब्यावर बसली. "वाचा."

बशीरनं वाचलं. हळू वाचलं. तानाबाई हालली नाही. शेवटची ओळ झाली तरी ती समोरच्या नोझलांकडे बघत होती.

"हे कोन हाय?" तिनं विचारलं.

"वहिनी, घनश्यामभाऊ."

"हे? बाप्पा! माह्या नवऱ्याचं तोंड कधी बंद राह्यलं होतं काय? लग्नात भटजीच्या मंधात बोलला थो. अन् धुऱ्यावर मुका बसला म्हनता? त्याले धुऱ्यावर बसवलं तं शेजारच्या वावरातले निंदन सोडून आयकाले येत होते." मग एकदम म्हणाली, "तुमी त्याले पयल्या ओळीपासूनच मारून टाकलं, बशीरभाऊ. पूनमसिंगाचा बैल बी जित्ता लिवला. अन् माहा मानूस मेलेला लिवला."

बशीर वहीची पानं सारखी करू लागला. "पुन्याच्या बाई म्हनत होत्या..."

"पुन्याची बाई वळखत होती का त्याले?"

"नाई."

"मंग?"

बशीरनं वही मिटली. तानाबाई काही उठली नाही. पंप सुटा होता म्हणून असेल, किंवा आता तीच सुटली होती म्हणून.

"सारा गाव हसे त्याच्यावर," ती सांगू लागली. "पान्याचा अंदाज सांगे. सकाळी उठला का आभाळाकडे पाहून म्हने, आज येते. मी लगेच मिरच्या वाळू टाकत होती. कधी येक थेंब नाई पडला. सारी आळी मले विचारे, तानाबाई, आज घनश्याम का म्हनला? अन् तो नाई म्हनला का साऱ्या बाया कुरडया उचलून घरात." ती हसली. बशीरही हसला, आणि आपण हसलो याची त्याला लाज वाटली नाही. "अन् यवतमाळले सिनेमा पाहाले गेलतो आमी. हा पयल्या गान्यातच झोपला. घरी आल्यावर साऱ्या गावाले इस्टोरी सांगतली यानं. हिरो मेला म्हने. मेलाच नोता. मी म्हनलं काहून खोटं सांगता? तं म्हने, मी सांगतलेलीच चांगली हाय."

बशीर लिहीत होता. पाठकोऱ्या बिलावर, वायसरच्या खोक्यावर, जे हाताला येईल त्यावर. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "वहिनी, अन् त्या दिवशी..."

तानाबाईनं त्याला बोलू दिलं नाही. आवाज चढवला नाही, पण बोलूही दिलं नाही.

"तो दिवस माह्यापाशी हाय. तो नाई देत मी कोनाले. बाकीचे सारे न्या, लागतीन तितके." मग ती उठली. "आता पंप जोडता, का मीच जोडू?"

नवा लेख लिहायला महिना लागला. रडवणारा चार दिवसांत झाला होता, हसवणाऱ्यानं घाम काढला. देवीलालनं वाचला आणि चष्मा डोळ्यांवरच ठेवला. "पयला साहित्य होता, बे. ह्या पुन्हा गप्पाच झाल्या." मग खाजगी आवाजात म्हणाला, "पाहा, तुले पुस्तक पाहिजे का नाई?"

पुस्तक बशीरला पाहिजेच होतं. पोस्टाच्या खिडकीपाशी तो दोन्ही लेख घेऊन उभा राहिला. मागून रांग ओरडायला लागली. "बशीरभाई, आता इथं बी वाचून दाखवता का?" त्यानं नवा लेख पाकिटात घातला आणि चिकटवून टाकलं. जुना चौघडी करून खिशात.

फोन आला. बाई म्हणाल्या, "घनश्याम फार गोड माणूस आहे हो. पण लेख संपतो आणि तो अजून मिरच्यांवरून बायकोशी भांडतोच आहे. शेवट कुठाय?"

"शेवट पेपरात आला बाई. तीन ओळी होत्या. त्याच्या आधीचं कोनीच छापलं नाई, म्हनून म्या लिवलं."

मग बाई म्हणाल्या, "मला पटतंय. पण आमच्या मालकांना नाही पटणार. आत्महत्येशिवाय यवतमाळचं पुस्तक ते काढणार नाहीत." आणि त्यांनी विचारलं, "तुम्ही बदलणार नाही ना?"

"नाई जमत बाई."

बशीरनं हे फार शूरपणे म्हटलं, असं त्यानं पुढे देवीलालला सांगितलं. खरं तर फोन ठेवल्यावर तो दिवसभर एकाच पंपाचं वायसर तीनदा काढून तीनदा उलटं बसवत होता. दुपारी गौहर डबा घेऊन आली, तिनं ते पाहिलं, डबा ठेवला आणि एरवी कधी नाही ती संध्याकाळपर्यंत दुकानातच बसली. बोलली काहीच नाही. गौहरनं काही न बोलणं ही राळेगावात बातमी होती.

बारा लेख परत आले. पण कोरे आले नाहीत. बाईंनी प्रत्येक पानावर शिसपेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. जिथं बशीरनं "अत्यंत करुण" लिहिलं तिथं काट, जिथं एकच गोष्ट दोनदा सांगितली तिथं काट, आणि घनश्यामच्या लेखावर एकही काट नाही, फक्त समासात "इथे मी हसले" असं तीन ठिकाणी. बशीरनं त्या खुणांवरून अख्खं पुस्तक पुन्हा लिहिलं. देवीलालनं आयुष्यभरात सांगितलं नव्हतं तेवढं त्या शिसपेन्सिलीनं शिकवलं, पण हे देवीलालला कुणी सांगितलं नाही.

छापलं शेवटी यवतमाळच्या एका लग्नपत्रिकावाल्यानं, बशीरच्याच खर्चानं. त्यानं जन्मात पुस्तक छापलं नव्हतं. पहिलं प्रूफ आलं तेव्हा दर लेखाच्या माथ्यावर कलश होता, खाली "आपले नम्र". "सवयीनं पडलं," तो म्हणाला. "तुमाले चालत नसन तं चांदतारा टाकून देतो." बशीरनं सगळं काढायला लावलं. चार प्रूफं झाली. ग्रंथपाल देवीलालनं त्यातली दोन तपासली आणि चुका काढल्या त्याहून जास्त घातल्या.

पुस्तक निघालं. मोठ्या पेपरात दोन ओळीही आल्या नाहीत. बऱ्याच प्रती गौहरच्या पलंगाखाली राहिल्या. एक प्रत बशीर स्वतः तानाबाईच्या हातात देऊन आला, तेव्हा ती निंदायच्या घाईत होती. "ठेवा फळीवर," एवढंच म्हणाली.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी ती दुकानात आली. पंप नव्हता. हातात पुस्तक होतं आणि सोबत मुलगी प्रेरणा, दहावीत शिकणारी.

"बाभूळगावले पुतनीच्या लग्नात गेलतो," तानाबाई डब्यावर बसत म्हणाली. "हिनं वाचून दाखवलं. हळदीच्या बाया थांबल्या, मांडववाले थांबले, आचारी बी येऊन उभा राह्यला. मंग जो-तो सांगाले लागला, घनश्यामनं आमच्या घरी असं केलं, घनश्यामनं आमाले तसं फसवलं. बाप्पा, चार गोष्टी तं मले बी ठाऊक नोत्या! बावीस वर्सं नांदली मी त्याच्यासोबत." तिच्या आवाजात राग होता आणि डोळ्यांत पाणी होतं, आणि ती हसतही होती. "हिनं साऱ्या लिवून घेतल्या. दुसऱ्या छपाईत टाका."

"दुसरी छपाई?" बशीर म्हणाला. "वहिनी, पयलीच पलंगाखाली हाय."

"मंग लवकर संपवा," तानाबाई म्हणाली. "वाच वो प्रेरणा."

प्रेरणानं वही उघडली. समोर एक पंप अर्धा उघडा पडला होता आणि त्याचा मालक बाहेर घड्याळ बघत उभा होता. बशीरनं त्याला हातानंच बस म्हणून खूण केली, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाला, "हळू वाच, बेटा. लिवून राह्यलो."