चबुतऱ्यावरची जावा

बाजाराच्या दिवशी सिरसाळ्यात आधी जावा मोटारसायकलचा आवाज यायचा, मग निळसर धूर, आणि त्या धुरामागून अंगद नाना. मागच्या सीटवर मानेपर्यंत पोत्यात बांधलेलं बोकड असायचं. ते जगाकडे मोठ्या तुच्छतेनं बघायचं. नानाही तसंच बघायचे.

नाना शेळ्यांचे पारखी. पाठीवरून हात फिरवून ज्याला जनावराचं वजन सांगता येत नाही, त्याला ते माणसात धरत नसत. या हिशोबानं थोरला मुलगा सोमेश्वर कधीच माणसात आला नाही. त्यानं मोठ्या रस्त्यावर हॉटेल टाकलं होतं. भिंतीवर प्लास्टिकची वेल होती आणि दारात सिमेंटची बैलजोडी. खरा बैल त्यानं उभ्या आयुष्यात पाण्यावर नेला नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून जुन्या गाड्या जमवणारा एक साहेब आला. जावासमोर तो देवळात बसावा तसा गुडघे टेकून बसला. परदेशात बनून आलेली ही गाडी. साठ वर्षांचं वय आणि सगळे भाग मूळचे.

"काका, अशा आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. हिचा पिस्टन गेला तर दुसरा मिळणार नाही. ही चालवायची नसते, जपायची असते."

"जपायची म्हंजी काय करायचं?"

"ठेवायची."

"कुठं?"

साहेब नुसता हसला आणि फोटो काढून निघून गेला. पण त्याचं बोलणं नानांच्या मनात काट्यासारखं मोडून राहिलं. चाळीस वर्षं ज्या पायानं बेफिकीर किक मारली, तो पाय आता दांड्यावर ठेवताना घुटमळायचा. इंजिनात जरा खट्ट झालं, की नानांच्या छातीत तसंच व्हायचं. सोमेश्वरनं ते हेरलं.

"हॉटेलसमोर चबुतरा बांधतो, नाना. तुमचं नाव टाकतो."

नावाला नाना भुलले नाहीत. भीतीनं त्यांनी गाडी दिली, आणि हे त्यांनी कुणालाही कबूल केलं नाही.

तेव्हापासून ते बाजाराला जीपमधून जाऊ लागले. आत चौदा माणसं आणि मांडीवर कुणाचं तरी गाठोडं. त्यांना उतरताना बघून पाशा मिस्त्री गॅरेजच्या दारातून हाक मारायचा, "काय नाना, बकऱ्यावानी कोंबून आलात?" जावाचं इंजिन पाशाशिवाय कुणी उघडलं नव्हतं, म्हणून नाना त्याचं एवढं ऐकून घ्यायचे.

पोळा झाला. पुढच्या बाजारी नानांनी जीप हॉटेलपाशी थांबवली आणि उतरून चबुतऱ्यावरच्या जावाकडे बघतच राहिले. इंजिनाच्या पट्ट्या, ज्यांच्यातून वारा खेळतो आणि इंजिन थंड राहतं, त्या लाल ऑइल पेंटनं लिंपल्या होत्या. वर सोनेरी वळी काढली होती. हँडलच्या दोन्ही टोकांना गोंडे बांधले होते. हे काम सटवाचं. तो दर पोळ्याला गावभरच्या बैलांची शिंगं रंगवतो. सोमेश्वर त्याला 'रंगव' म्हणाला आणि सटवानं आपल्याला येत होतं तसं रंगवलं.

गाडीवर एक जाडजूड पाहुणा बसला होता. बायको फोटो काढत होती. पाहुणा मूठ पिळत होता आणि तोंडानं घुर्र घुर्र करत होता.

"उतर," नाना म्हणाले.

"काका, फोटो..."

"उतर म्हन्लं न्हवं."

तो उतरला. नानांनी पाशाला फोन लावला. तासाभरात पाशा तेल मिसळलेलं पेट्रोल, नवा प्लग आणि पाने घेऊन आला. रंग बघून त्यानं कपाळावर हात मारला.

"ये काय केलं बे सोमेश्वर? मिशीन हाय का नंदीबैल?"

सोमेश्वर गल्ल्यावरून धावत आला. "नाना, पिस्टन गेला तर काय करता?"

"गेला तर गेला. तवा ठेव हितं आन् हार घाल. मान्सं मेल्यावर फोटू लावतेत, जित्याचा न्हाई."

"लोक हिला बघाया थांबतेत. चबुतऱ्यावर काय ठेवू आता?"

"तू बस. तुला बी कुटं काम हाय?"

फळी लावून गाडी खाली उतरवली. नानांनी गिअरचा दांडा आत दाबून मागं उभा केला, कारण या गाडीत किकही तोच आणि गिअरही तोच. पाय दांड्यावर घुटमळला. पाशानं ते पाहिलं आणि मुद्दाम पाने आवरत बसला. पाचव्या किकेला जावा खोकली, सातव्याला बोलू लागली.

दोन कोसांवर रंग तापून धुमसू लागला. जळक्या रंगाच्या वासानं मागची जीप नाक दाबून पुढं गेली. नानांनी गाडी बाभळीखाली लावली, खिशातला चाकू काढला आणि एकेक पट्टी खरवडायला घेतली. बोटं भाजत होती. पाशा मागून स्कूटरवर आला.

"सरका, मी करतो."

"तू बस गप. माझीच चूक हाय, मीच खरवडतो."

चाळीस वर्षांत नानांच्या तोंडून चूक हा शब्द पाशानं पहिल्यांदा ऐकला.

बाजारात पोहोचेपर्यंत चांगली जनावरं विकली गेली होती. पण आता परतीची जीप गाठायची नव्हती; उरलेल्यांना नावं ठेवत नाना दिवेलागणीपर्यंत तिथंच फिरत राहिले.